दुकानाची वही

शहरातील एखाद्या प्रशस्त दुकानात सामान घेऊन आपण पैसे देण्याच्या जागी उभे राहिलो, म्हणजे यंत्रापाशी बसलेली मुलगी मान वर न करता विचारते, "मोबाईल नंबर?" आपणही, मागे रांग खोळंबली आहे या संकोचाने, दहा आकडे सांगून मोकळे होतो. साखर, साबण आणि मुलासाठी घेतलेली पेन्सिल यांचा त्या दहा आकड्यांशी संबंध काय, हा प्रश्न क्वचितच कोणाच्या ओठांवर येतो. घरी परतताना पिशवीत सामान असते. दुकानात मात्र आपल्या नावाचे एक पान मागे राहिलेले असते. त्या पानावर काय लिहिले, ते खरे आहे की खोटे, ते कोण वाचणार आणि कधी फाडले जाणार, हे आपणांस कोणी सांगत नाही. आणि खरे सांगावयाचे तर आपणही विचारीत नाही.

या पानाच्या व्यवस्थेस व्यापारी जगात हल्ली 'डेटा गव्हर्नन्स' असे भारदस्त नाव मिळाले आहे. मराठीत आपण त्यास माहितीचा कारभार म्हणू. नाव नवे आहे म्हणून वस्तूही नवीच असली पाहिजे, आणि ती संगणक जाणणाऱ्या चार मंडळींची खासगी बाब असली पाहिजे, असा समज सर्वत्र रूढ झालेला दिसतो. आमच्या मते हा समज चुकीचा आहे. दुकान जितके जुने तितकीच त्याची वही जुनी. आणि वही जितकी जुनी तितकेच तिच्याविषयीचे दोन प्रश्नही जुने आहेत. वहीतील नोंद खरी असल्याची जबाबदारी कोणाची, हा पहिला. ज्याच्याविषयी ती नोंद आहे त्याचा तिच्यावर हक्क कोणता, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर व्यापाऱ्यांनी आपल्या लाभासाठी आपण होऊन शोधले. दुसऱ्याचे उत्तर मात्र प्रत्येक वेळी नुकसान झाल्यानंतर, आणि पुष्कळदा बाहेरून, द्यावे लागले. या दोन उत्तरांची हकीकत वाचकांपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आपल्याकडील जुन्या पेढीची पद्धत बहुतेकांस निदान ऐकून तरी ठाऊक असेल. दिवसाचा व्यवहार ज्या क्रमाने घडला त्या क्रमाने रोजकीर्दीत उतरावयाचा. मग रोजकीर्दीतून एकेका कुळाच्या नावावर खतावणीत न्यावयाचा. आणि वर्षअखेर ताळा जमवून दिवाळीत नव्या वहीची पूजा करावयाची. ही पूजा नुसता भाबडेपणा नव्हे. ज्या कागदावर दुसऱ्याचा पैसा आणि आपली अब्रू दोन्ही अवलंबून आहेत, त्या कागदाविषयी मनात धाक असावा, हा तिचा अर्थ होय. रोजकीर्द आणि खतावणी यांची फारकत हीसुद्धा माहितीच्या कारभाराचीच एक युक्ती होती. एका ठिकाणी केलेली लबाडी दुसऱ्या ठिकाणी उघडी पडावी म्हणून एकच गोष्ट दोनदा, दोन निरनिराळ्या दृष्टींनी लिहिली जात असे.

परंतु या सुंदर व्यवस्थेत एक मोठी उणीव होती. वही दुकानदाराची, अक्षर दुकानदाराच्या मुनिमाचे, आणि ती वाचण्याची विद्याही त्यांचीच. ज्याच्या नावावर पान होते तो गृहस्थ बहुधा निरक्षर असे. ताळा दुकानदाराच्या दोन वह्यांचा जमत असे. कुळाच्या स्मरणाचा आणि दुकानदाराच्या वहीचा ताळा जमविण्याचे साधन कोठेच नव्हते. या उणिवेचा परिणाम काय झाला हे पाहण्यासाठी फार दूर जावयास नको.

पुणे जिल्ह्यातील सुपे या गावी, १२ मे १८७५ रोजी, बाजारच्या दिवशी जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर हल्ला केला. धान्य आणि कापड यांची लूट झाली हे खरे. पण जमावाचा खरा रोख होता तो खतांवर आणि वह्यांवर. पुढे काही दिवसांतच हे लोण पुणे आणि त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. इतिहासात हा प्रकार 'दख्खनचे दंगे' या नावाने ओळखला जातो. चौकशीसाठी सरकारने नेमलेल्या आयोगाच्या ध्यानात एक विशेष गोष्ट आली, ती अशी की माणसांच्या जिवावर हात टाकल्याची उदाहरणे फार थोडी होती. कित्येक ठिकाणी सावकाराने कागद हवाली केले की जमाव शांत होई. लोकांना सावकार नको होता असे नव्हे. त्याच्यावाचून पेरणी अडत होती. त्यांना नको होते ते त्याच्या कपाटातले आपले पान.

हे पान इतके भयंकर का झाले, याची कारणे एकाहून अधिक आहेत. अमेरिकेतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धाच्या काळात आपल्याकडील कापसास अपूर्व भाव आला आणि कर्जही सढळ मिळू लागले; युद्ध संपताच भाव कोसळले आणि कर्ज तेवढे शिल्लक राहिले. साऱ्याची नवी आकारणीही त्याच सुमारास वाढून आली. तथापि आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद कारण निराळेच आहे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने असे ठरविले होते की नोंदणी न झालेल्या कर्जरोख्यावर तीन वर्षांनंतर फिर्याद चालू नये. हेतू उघड होता : जुन्या कागदाचे ओझे ऋणकोच्या डोक्यावर जन्मभर राहू नये. प्रत्यक्षात झाले ते उलट. तीन वर्षे पुरी होत आली की सावकार नवे खत लिहून घेई. मागील मुद्दल आणि थकलेले व्याज मिळून नवे मुद्दल होई, आणि व्याजाला पुन्हा व्याज लागे. कागदाचे आयुष्य मर्यादित करणाऱ्या नियमानेच कागदाला दर तीन वर्षांनी नवा जन्म दिला. नियम चांगला होता. पण नव्या खतात काय लिहिले जात आहे हे पाहावयास तेथे कोणीच नव्हते.

या सर्वांचा परिपाक म्हणून १८७९ साली 'डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट' मंजूर झाला आणि पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांस लागू झाला. हा कायदा कर्जनिवारणाचा म्हणून प्रसिद्ध आहे; पण त्यातील काही कलमे आजच्या दृष्टीने वाचली असता मन आश्चर्याने थक्क होते. शेतकऱ्याने दिलेल्या पैशाची लेखी पावती मिळण्याचा त्यास हक्क आहे. आपल्या खात्याचा उतारा वर्षातून एकदा मागण्याचा त्यास हक्क आहे. आपला हिशेब वेळोवेळी एका पासबुकात उतरवून मिळण्याचाही त्यास हक्क आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. शेतकऱ्याने करून द्यावयाचे खत गावच्या निबंधकासमोर लिहिले गेले पाहिजे, असाही निर्बंध होता. खटला उभा राहिल्यास न्यायाधीशाने केवळ शेवटचे खत पाहून निकाल देऊ नये, तर व्यवहाराच्या आरंभापासूनचा इतिहास तपासावा आणि मुद्दल व व्याज यांचा निराळा हिशेब मांडावा, असे त्याच्यावर बंधन घातले होते. खालच्या न्यायालयांचे हे काम नीट चालते की नाही हे पाहण्यासाठी विशेष न्यायाधीश नेमले गेले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या पदावर काम केले, ही गोष्ट मराठी वाचकांस अभिमानाची वाटेल. कायद्याने सर्व दुःख दूर झाले असे मुळीच नाही. सावकारांनी गहाणखताऐवजी खरेदीखत लिहून घेण्यासारख्या पळवाटा शोधल्याच. तरीही एक तत्त्व कायमचे प्रस्थापित झाले. वही दुकानदाराची असली तरी तीतील पान एकट्या दुकानदाराचे नव्हे.

योगायोग असा की याच १८७९ साली, सातासमुद्रांपलीकडे, वहीविषयीच्या पहिल्या प्रश्नासही एक नवे उत्तर मिळत होते. अमेरिकेतील ओहायो संस्थानात डेटन या गावी जेम्स रिटी नावाच्या गृहस्थाचे मद्यगृह होते. गिऱ्हाइकांची गर्दी असूनही नफा दिसत नसे, कारण गल्ल्यावरचे नोकर पैसे परस्पर खिशात घालीत. युरोपच्या प्रवासात आगबोटीवर त्याने पंख्याचे फेरे मोजणारे यंत्र पाहिले आणि त्याच्या मनात आले की फेरे मोजता येतात तर व्यवहार का मोजता येऊ नयेत? भाऊ जॉन याच्या मदतीने त्याने विक्रीचा आकडा दाखविणारे यंत्र तयार केले आणि त्याचे पेटंट नोव्हेंबर १८७९ मध्ये मिळविले. त्याने यंत्रास दिलेल्या नावाचा अर्थच मुळी 'लाच न खाणारा रोखपाल' असा होता. पुढे जॉन पॅटरसन याने १८८४ साली हा धंदा विकत घेऊन 'नॅशनल कॅश रजिस्टर' कंपनी नावारूपास आणली. प्रत्येक विक्रीबरोबर घंटा वाजावी, आकडा गिऱ्हाइकासही दिसावा आणि आतल्या कागदावर त्याची नोंद राहावी, अशा सुधारणा होत होत हे यंत्र दुकानोदुकानी पोहोचले.

या दोन उत्तरांची तुलना केल्यावाचून राहवत नाही. डेटनचे यंत्र मालकाचे नोकरापासून रक्षण करीत होते; पुण्याचा कायदा गिऱ्हाइकाचे मालकापासून रक्षण करू पाहत होता. दोन्ही ठिकाणी रोग एकच होता, लिहिणाऱ्यावर कोणाची नजर नाही हा. पण डेटनचे औषध मालकाने पैसे मोजून विकत घेतले. पुण्याच्या औषधापूर्वी वह्यांची होळी व्हावी लागली. पुढील शंभर वर्षे व्यापाराने डेटनच्याच वाटेने प्रगती केली, आणि ती प्रगती डोळे दिपविणारी होती यात शंका नाही.

त्या वाटेवरचा मोठा टप्पाही डेटनच्या अगदी जवळच आहे. डेटनहून थोड्याच अंतरावर ट्रॉय नावाचे गाव आहे. तेथील मार्श सुपरमार्केटात २६ जून १९७४ रोजी सकाळी रिग्ली कंपनीच्या च्युइंग गमचे एक पाकीट यंत्रापुढे सरकविण्यात आले. त्यावरील काळ्या-पांढऱ्या रेषा प्रकाशाने वाचल्या आणि ६७ सेंट हा आकडा उमटला. बारकोडाने झालेली ही पहिली विक्री होय. कल्पना जुनी होती. जोसेफ वुडलंड आणि बर्नार्ड सिल्व्हर यांनी १९४९ साली अर्ज करून १९५२ साली तिचे पेटंट मिळविले होते. पण पेटंट आणि पाकीट यांच्यामध्ये जी वर्षे गेली ती केवळ यंत्राच्या अपूर्णतेमुळे गेली नाहीत. प्रत्येक कारखानदाराची खूण निराळी आणि प्रत्येक दुकानदाराची निराळी, अशी स्थिती असता यंत्र कितीही शहाणे असले तरी त्याचा उपयोग काय? एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेल्या व्यापाऱ्यांनी आणि उत्पादकांनी एकत्र बसून, एका वस्तूस सर्वांनी एकाच आकड्याने ओळखावे असे ठरविले, आणि एप्रिल १९७३ मध्ये सर्वांसाठी एकच खूण निवडली. तेव्हा कोठे हे शक्य झाले. बारकोड हा रेषांचा चमत्कार नसून कराराचा चमत्कार आहे, असे म्हणावयास हरकत नाही. त्या बारा आकड्यांतील शेवटचा आकडा तर केवळ पडताळ्यासाठी असतो. आधीच्या अकरा आकड्यांशी त्याचा ठरलेला हिशेब जुळला नाही तर यंत्र ती नोंद नाकारते. जुन्या मुनिमाचा ताळाच या एका आकड्यात येऊन बसला आहे.

परंतु बारकोडाने आणखी एक बदल घडविला, जो सहसा लक्षात येत नाही. त्या रेषांत किंमत लिहिलेली नसते. वस्तूचे नाव, वजन, लांबीरुंदी यांपैकीही काही नसते. त्यांत असते केवळ वस्तूची ओळख. बाकीचे सर्व दुकानाच्या संगणकातील मूळ नोंदीत असते. पूर्वी डब्यावर चिकटविलेली किंमत चुकली तर एक डबा चुकत असे. आता मूळ नोंद चुकली की सर्व दुकानांतील सर्व डबे एकदम चुकतात. वहीचे सामर्थ्य वाढले. त्या प्रमाणात तिच्या खरेपणाची जबाबदारीही वाढावयास हवी होती. ती वाढली नाही तर काय होते, याचे उदाहरण त्यानंतर ४० वर्षांनी कॅनडात पाहावयास मिळाले.

अमेरिकेतील 'टार्गेट' ही नामांकित कंपनी मार्च २०१३ मध्ये कॅनडात उतरली. तिने एकदम शंभरावर दुकाने उघडण्याचा धडाका लावला. त्यासाठी नवी संगणकव्यवस्था उभारली आणि तीत सुमारे ७५,००० वस्तूंची माहिती अल्पावधीत भरावयाची होती. 'कॅनेडियन बिझनेस' या नियतकालिकाने २०१६ साली या प्रकरणाची जी हकीकत प्रसिद्ध केली ती कोणाही व्यापाऱ्याने मुळातून वाचण्याजोगी आहे. माहिती भरण्याचे काम बहुतांशी तरुण, अननुभवी साहाय्यकांकडे होते. मुदत कठोर होती. आणि पुरवठादाराने कळविलेला आकडा खरा की खोटा हे तपासण्यास ना वेळ होता, ना कोणास तसे सांगितलेले होते. कोठे सेंटिमीटरच्या जागी इंच पडले, कोठे लांबीच्या जागी रुंदी. जेथे अमेरिकेतील व्यवस्थेत ९८-९९ टक्के माहिती बिनचूक असे, तेथे कॅनडातील माहितीपैकी सुमारे ३० टक्केच बिनचूक निघाली. परिणामी मालाने कोठारे तुडुंब भरली आणि दुकानातील फळ्या मात्र रिकाम्या राहिल्या. एका टप्प्यावर सर्व कामे थांबवून नोंदी हाताने पडताळण्याची मोहीम काढावी लागली. पण गिऱ्हाईक तोवर निघून गेले होते. १५ जानेवारी २०१५ रोजी कंपनीने कॅनडातून काढता पाय घेत असल्याचे जाहीर केले. १३३ दुकाने बंद पडली आणि सुमारे १७,६०० माणसांची नोकरी गेली. या अपयशास इतरही कारणे होती. पण आकड्याच्या खरेपणाचा धनी कोण, हे कोणी ठरविले नव्हते, हे त्यांतले मोठे कारण होय. ज्यांचे हात आकडे भरीत होते त्यांस अधिकार नव्हता. ज्यांस अधिकार होता त्यांची दृष्टी आकड्यांकडे नव्हती. शिक्षा मात्र दोघांच्याही पलीकडच्या हजारो कुटुंबांस भोगावी लागली.

आतापर्यंत आपण वस्तूंच्या नोंदीविषयी बोलत होतो. यंत्रयुगाच्या आरंभी मोठ्या दुकानाच्या वहीतून माणसाचे नाव जवळजवळ नाहीसे झाले होते. उधारी गेली, रोखीचा व्यवहार आला, आणि गिऱ्हाईक हा एक निनावी आकडा झाला. ते नाव पुन्हा वहीत आले ते नव्या, गोड स्वरूपात. इंग्लंडातील 'टेस्को' या कंपनीने फेब्रुवारी १९९५ मध्ये 'क्लबकार्ड' नावाची योजना देशभर सुरू केली. गिऱ्हाइकाने आपले नावगाव देऊन एक कार्ड घ्यावे, प्रत्येक खरेदीच्या वेळी ते दाखवावे, आणि ठरावीक काळाने त्याच्या घरी सवलतीच्या चिठ्ठ्या याव्यात, अशी ती योजना होती. एडविना डन आणि क्लाइव्ह हंबी या दांपत्याच्या संस्थेने त्या नोंदींचा अभ्यास करून कोणते कुटुंब काय घेते, काय सोडते, कशाकडे वळते, याचे चित्र कंपनीपुढे उभे केले. त्याच वर्षी टेस्को तेथील वाणसामानाच्या व्यापारात पहिल्या क्रमांकावर गेली, आणि जगभरच्या दुकानांनी हा धडा गिरविला. आपल्याकडे 'मोबाईल नंबर?' हा जो प्रश्न विचारला जातो, तो याच धड्याची देशी आवृत्ती आहे.

यात अन्याय झाला असे एकदम म्हणता येणार नाही. जुना वाणीसुद्धा कोणाच्या घरी कोणता तांदूळ लागतो हे जाणत असे आणि त्या जाणिवेत आपुलकी असे. पण तो जे जाणत असे ते त्याच्या डोक्यात असे. ते कोणास विकता येत नसे आणि कोणास चोरताही येत नसे. कोट्यवधी घरांची जाणीव एका जागी लिहून ठेवली म्हणजे ती संपत्ती होते, आणि संपत्तीमागे चोर आलाच. ज्या टार्गेट कंपनीची कॅनडातील फजिती आपण पाहिली, तिच्याच अमेरिकेतील दुकानांवर २०१३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात, ऐन नाताळच्या खरेदीत, मोठा दरोडा पडला. थंड-गरम हवेच्या यंत्रणेचे काम करणाऱ्या एका ठेकेदाराची प्रवेशाची परवली चोरून दरोडेखोर आत शिरले आणि सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती त्यांच्या हाती लागली. शिवाय ७ कोटी गिऱ्हाइकांची नावे, पत्ते व दूरध्वनी अशी खासगी माहितीही गेली. धोक्याच्या सूचना कंपनीच्या यंत्रांनी दिल्या होत्या. त्यांवर वेळीच कृती झाली नाही. पुढे २०१७ साली कंपनीने अमेरिकेतील ४७ संस्थानांशी १ कोटी ८५ लाख डॉलरची तडजोड केली. एकच कंपनी आणि एकच वर्ष. कॅनडात ती पहिल्या प्रश्नावर अडखळली आणि अमेरिकेत दुसऱ्या. एके ठिकाणी नोंदीच्या सत्याचा धनी नव्हता; दुसऱ्या ठिकाणी नोंदीतील माणसाचा कैवारी कमी पडला.

अशा अनुभवांनंतर कायदा पुन्हा पुढे झाला. युरोपात माहितीच्या रक्षणाचा नवा कायदा मे २०१८ पासून अमलात आला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी ऑगस्ट २०१७ मध्ये एकमताने निर्णय दिला की खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुकानदारांस समज दिली की मोबाईल नंबर दिल्यावाचून माल देणार नाही असा आग्रह धरू नये. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम प्रसिद्ध झाले. त्यांतील मुख्य जबाबदाऱ्यांस तेथून अठरा महिन्यांची मुदत ठेवली आहे. ज्याची माहिती घेतली त्याने ती पाहण्यास मागावी, चुकली असल्यास दुरुस्त करून घ्यावी, नको असल्यास पुसावयास सांगावी, आणि संमती मागणारी सूचना मराठीतही वाचावयास मिळावी, असे हक्क त्यात आहेत. सुरक्षिततेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. १८७९ च्या कायद्यातील पावती, उतारा आणि पासबुक ज्यांस आठवत असेल त्यांस या हक्कांची ओळख नव्याने करून देण्याची गरज नाही.

आणखी एक साम्य आहे, ते मात्र इशाऱ्यासारखे वाटते. ज्या विक्रीसंस्थांचा व्यापार इंटरनेटवर चालतो आणि ज्यांच्याकडे निदान २ कोटी लोकांची नोंद आहे, त्यांनी तीन वर्षे न फिरकलेल्या गिऱ्हाइकाची माहिती पुसून टाकावी, असा एक नियम आहे. तीन वर्षे! १८५९ च्या कायद्यातही मुदत हीच होती, आणि सावकाराने दर तीन वर्षांनी खत नवे करून तिला निष्फळ केले होते. एखादे सवलतीचे आमिष दाखवून गिऱ्हाइकास तिसऱ्या वर्षाच्या शेवटी एकदा दारात आणले की त्याचे पानही नवे होऊ शकेल. मुदत कागदावर असून भागत नाही. ती पाळली जाते का हे पाहणारा कोणी दुकानाच्या आतच असावा लागतो.

म्हणून कायदा कितीही चांगला असला तरी कारभार हा शेवटी दुकानातच करावा लागतो. आणि तो करावयाचा म्हणजे काय, हे या इतिहासावरून सहज समजण्यासारखे आहे. प्रत्येक प्रकारच्या नोंदीस एक नावानिशी धनी असावा. वस्तूच्या मापांचा धनी खरेदी करणारा, किमतीचा धनी विक्री सांभाळणारा, गिऱ्हाइकाच्या माहितीचा धनी अशी व्यक्ती की जिला 'नाही' म्हणण्याचा अधिकार आहे. शब्दांचे अर्थ सर्वांसाठी एक असावेत. परत आलेला माल वजा करून 'विक्री' मोजावयाची की न करता, यावर दोन खात्यांचे दोन अर्थ असतील तर दोघांचे आकडे खरे असूनही हिशेब खोटा ठरतो. चूक शिरताना अडवावी. शिरल्यानंतर शोधणे शतपट महाग पडते, हे कॅनडाने दाखविले. जे लागत नाही ते मागू नये, कारण जे घेतलेच नाही ते चोरीस जात नाही. पान कोणी उघडले याचीही नोंद असावी. आणि पान कधी फाडावयाचे याची तारीख ते लिहितानाच ठरलेली असावी. ही कामे संगणक-खात्याकडे सोपवून मालकाने निश्चिंत होणे म्हणजे वहीची जबाबदारी शाईवर टाकण्यासारखे आहे.

हे करण्यास खर्च येतो, आणि लहान दुकानदारास तो झेपणार नाही, असा आक्षेप घेतला जाईल. त्यात काही तथ्य आहे. परंतु लहान दुकानदारास एक सोय आहे, जी मोठ्यास नाही. त्याने नंबर मागितलाच नाही तर त्याचा अर्धा कारभार तेथेच उरकतो. शिवाय, धनी ठरविण्यास आणि शब्दाचा अर्थ निश्चित करण्यास पैसा लागत नाही. लागते ती वहीविषयीची जुनी भीड.

सुप्याच्या बाजारात ज्यांनी वह्या जाळल्या त्यांना वाचता येत नव्हते. आपल्याला वाचता येते, पण आपले पान आपल्यापुढे कोणी उघडीत नाही. त्यांच्या अज्ञानाचे कारण दारिद्र्य होते. आपल्या अज्ञानाचे कारण मागे खोळंबलेली रांग आहे. ज्या पिढीने सात-बाराचा उतारा मागावयास आणि बँकेचे पासबुक तपासावयास शिकून घेतले, त्या पिढीस आपल्या पिशवीबरोबर दुकानात राहणाऱ्या पानाचा उतारा मागावयास शिकणे अवघड जाऊ नये. आणि दुकानदारानेही हे ओळखावे की जे पान गिऱ्हाइकास नि:शंकपणे दाखविता येते तेच पान त्याच्या कपाटात सुरक्षित असते. दिवाळीत वहीची पूजा करण्याची रीत आता पुष्कळ ठिकाणी संगणकापुढे हळदकुंकू वाहून पाळली जाते. ती रीत राहावी. मात्र त्या दिवशी ज्यांची नावे आत लिहिली आहेत त्यांचेही क्षणभर स्मरण व्हावे.